साध्या किट लेन्सने शहरातल्या पशुपक्ष्यांची छायाचित्रे कशी काढावीत

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पशुपक्ष्यांच्या छायाचित्रणाला चालत नाही, असे नेहमी सांगितले जाते आणि अभयारण्यातल्या वाघापुरते किंवा दूरच्या झाडावरच्या गरुडापुरते ते खरेही आहे. शहरात मात्र बागेतली खार, कट्ट्यावर उतरणारी साळुंकी, मासळी बाजाराच्या छपरावर ताटकळणारा बगळा आणि गळक्या नळाखाली चोच धरणारा कावळा हे जीव पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या वर्दळीत वाढलेले असतात. ते आपल्याला दोन-तीन मीटरपर्यंत येऊ देतात आणि तेवढ्या अंतरावर ही लेन्स चोख काम देते. अंतर किती ठेवायचे हे प्राण्याने ठरवायचे आणि ते ठरवायला त्याला पुरेसा वेळ द्यायचा, एवढी एक गोष्ट मनाशी पक्की केली की बाकीचे तंत्र सरावाने जमते.

आधी थोडे गणित समजून घ्यावे. एपीएस-सी सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या मध्यम आकाराच्या चिपच्या) कॅमेऱ्यावर लेन्स पूर्ण झूम करून ५५ मिलिमीटरला ठेवली, तर तीन मीटर अंतरावर चौकटीत साधारण सव्वा मीटर रुंदीचा भाग मावतो. गावकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ४० सेंटिमीटर भरतो, म्हणजे तो चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापतो आणि तेवढे पुष्कळ झाले. खारीचे अंग शेपटी सोडली तर जेमतेम १५ सेंटिमीटरचे असते, त्यामुळे तिच्यासाठी मीटर-सव्वा मीटरपर्यंत पोहोचावे लागते. मुंबईतल्या शिवडीच्या दलदलीतल्या एकट्यादुकट्या रोहित पक्ष्यामागे ही लेन्स घेऊन जाण्यात अर्थ नाही. तिथे लेन्स उलट २४ मिलिमीटरच्या आसपास आणून थवा, चिखल आणि मागचा अटल सेतू एकाच चौकटीत घ्यावा.

जागा निवडताना नव्या, अनोळखी ठिकाणापेक्षा रोजच्या वाटेवरची जागा बरी. मुंबईची राणीची बाग, पुण्याची एम्प्रेस गार्डन, ठाण्याचा मासुंदा तलाव, कोल्हापूरचा रंकाळा, एखाद्या महाविद्यालयाचे आवार किंवा आपल्याच सोसायटीतले देशी बदामाचे झाड, कुठेही सुरुवात करता येते. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावर खार कोणत्या फांदीवरून उतरते, साळुंक्या कोणत्या वेळी हिरवळीवर किडे टिपायला येतात आणि सकाळचे ऊन कोणत्या कोपऱ्यात आधी पोहोचते, हे पाठ होते. लेन्सचा आखूडपणा भरून निघतो तो या माहितीने.

जवळ जाण्याची रीत सावकाश शिकावी, कारण बहुतेक छायाचित्रे तिथेच बिघडतात. प्राण्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नये. तिरके चालावे, नजर दुसरीकडे ठेवावी, चार पावले टाकून थांबावे आणि शक्य तितक्या लवकर खाली बसावे, कारण उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाला पक्षी कमी बुजतात. खार शेपटी झटकत एकसारखी चिक्‌चिक्‌ करू लागली, कावळ्याने मान ताणून अंग चोपले, ढोकरीने (तळ्याकाठच्या लहान बगळ्याने) आखडलेली मान उंच केली, की आपण मर्यादेपर्यंत आलो असे समजावे आणि तिथेच थांबावे किंवा पाऊलभर मागे सरकावे. खाणे पुन्हा सुरू झाले, तर प्राण्याने आपल्याला मान्य केले आहे. यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात आणि ती जाऊ द्यावीत. हातात काठी धरावी तसा कॅमेरा खाली लोंबकळत ठेवून ऐनवेळी झटक्यात वर उचलण्यापेक्षा बसल्यापासूनच तो डोळ्यापाशी धरलेला असावा.

कॅमेऱ्याच्या मांडणीत फार खल करण्याचे कारण नाही. शटरला प्राधान्य देणारा मोड लावावा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवून त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवावी आणि शटर स्पीड बसलेल्या बगळ्यासाठी १/२५० सेकंद, खारीसाठी १/५०० किंवा त्याहून अधिक, तर उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/१६०० च्या आसपास निवडावा. लेन्समधल्या स्थिरीकरणाने आपल्या हाताचा कंप कमी होतो, खारीची हालचाल थांबत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर शटर संथ करू नये. ५५ मिलिमीटरला लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ पेक्षा मोठे होत नाही. तरीही एक मीटरवरून छायाचित्र घेताना स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, जेमतेम सात सेंटिमीटर असते, एवढी कमी की खारीचा डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर येऊ शकते. त्यासाठी फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा, आणि खार शक्यतो कडेने, म्हणजे सेन्सरला समांतर असताना टिपावी. अंगचा फ्लॅश बंद ठेवावा. तो प्राण्याला दचकवतो आणि रंग सपाट करतो.

प्रकाशमापनाकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवे, कारण शहरातले आपले दोन ठरलेले पाहुणे नेमके काळा आणि पांढरा आहेत. कावळ्याने चौकट भरली असेल, तर कॅमेरा त्याला राखाडी करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर (छायाचित्राचा उजळपणा) दोन तृतीयांश ते एक पायरी (स्टॉप) कमी करावे. तोच कावळा उजळ आभाळासमोर तारेवर बसला असेल, तर उलट एक पायरी वाढवावे, नाहीतर नुसती काळी आकृती उरते. गायबगळ्याचे याहून नाजूक असते. गर्द झाडीसमोर तो लहानसा दिसत असेल, तर कॅमेरा झाडीकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांतला तपशील कायमचा जातो. अशा वेळी एक्स्पोजर एक पायरीपर्यंत कमी करून पडद्यावर हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) तपासावा. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले असतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाचा मऊ उजेडही बगळ्यांसाठी मला फार मोलाचा वाटतो. विणीच्या हंगामात गायबगळ्याच्या डोक्यावर आणि मानेवर नारिंगी छटा चढते, ढोकरीची पाठ गडद तांबूस होते, आणि हे रंग कडक उन्हात फिके पडतात.

कॅमेऱ्याची उंची हा किट लेन्सवाल्याच्या हातातला सर्वांत मोठा लाभ आहे, असे माझे मत आहे. उभ्याने वरून घेतलेल्या साळुंकीच्या मागे फक्त फरशी दिसते. तीच साळुंकी तिच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतली, तर मागची हिरवळ दूर जाऊन धूसर होते आणि पक्षी उठून दिसतो. यासाठी महागडे साधन लागत नाही. कापडी पिशवीत किलोभर मूग भरून तोंड शिवून टाकावे, पिशवी जमिनीवर किंवा कट्ट्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि मागचा पडदा वळवता येत असेल, तर त्यात पाहून छायाचित्र घ्यावे.

देशी बदामाखाली बसलेली खार याच पातळीवरून पाहावी. पडलेले फळ ती पुढच्या दोन्ही पायांत धरून फिरवत फिरवत कुरतडते, आणि काही घास झाले की अंग न हलवता क्षणभर थांबून आजूबाजूचा कानोसा घेते. जबडा थांबलेला, मिशा पुढे आलेल्या आणि डोळ्यात आभाळाचा ठिपका चमकत असलेला, असा हा क्षण तिच्या प्रत्येक जेवणात पुन्हा पुन्हा येतो. त्या लयीचा अंदाज आला की सलग छायाचित्रांचा मारा करावा लागत नाही. फोकस आधीच साधून ठेवून त्या विरामाची वाट पाहावी.

याच लेन्सचे १८ मिलिमीटरचे टोक अनेकजण वापरतच नाहीत. या प्रकारच्या आजच्या अनेक लेन्स सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवरची वस्तूही टिपतात. साळुंक्या रोज उतरतात त्या कट्ट्यावर कॅमेरा ठेवून आपण लांब बसावे आणि मोबाइलवरून शटर दाबावे. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत आता ही सोय असते. पक्षी पुढे मोठा आणि मागे जिने, रिक्षा, वाळत घातलेल्या साड्या असे छायाचित्र ४०० मिलिमीटरच्या लेन्सने येत नाही. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव (सीगल) पक्षी उडत येतात, तेव्हाही २४ ते ३५ मिलिमीटरमध्ये पक्षी, समुद्र आणि कठडा सारे काही मावते.

त्याच लाँचवर काही प्रवासी कुरवांना वेफर्स आणि शेव फेकतात. आपण ते करू नये, आणि छायाचित्रासाठी दुसऱ्याला करायला सांगू नये. खारट-तळकट खाणे पक्ष्यांच्या पोटाला मानवत नाही, आणि खाऊची सवय लागलेली माकडे माणसांच्या अंगावर येतात. माकडांपासून किट लेन्स असतानाही चार-पाच मीटर दूरच राहावे, डोळ्याला डोळा भिडवू नये, आणि पिल्लू घेतलेल्या मादीच्या वाटेत बसू नये. घरट्यापाशी तर थांबूच नये. फांदी बाजूला सारली की घरट्यावरची सावली आणि आडोसा जातो, शिवाय माणूस वारंवार कुठे डोकावतो आहे हे कावळा बरोबर हेरतो आणि नंतर अंडी पळवतो. पिंजऱ्यातल्या पोपटाचे छायाचित्र वन्यजीवाचे म्हणून खपवू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळणेच गुन्हा आहे. बागेत मोठा कॅमेरा चालतो का, हे फाटकावर विचारून घ्यावे, आणि फिरायला आलेली माणसे चौकटीत ओळखू येत असतील, तर त्यांनाही विचारावे.

घरी आल्यावर छायाचित्र कापायला कचरू नये. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची रुंदी आणि उंची निम्मी केली, तरी ३००० गुणिले २००० पिक्सेल उरतात आणि त्यातून ए-४ आकाराची चांगली प्रत निघते; म्हणजे ५५ मिलिमीटरची लेन्स ११० मिलिमीटरसारखी वापरता येते. चौकटीच्या कोपऱ्यांत या लेन्सचे चित्र बहुधा थोडे अस्पष्ट येते, म्हणून घेतानाच प्राणी चौकटीच्या मधल्या भागाच्या जवळपास ठेवावा आणि रचना कापताना साधावी. निवडलेल्या छायाचित्राला तारीख, वेळ आणि ठिकाण जोडून ते आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा पक्षी असेल तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंदवावे. छायाचित्रात चुकून घरटे आलेले असेल, तर ते ईबर्डवर टाकू नये, आणि आयनॅचरलिस्टवर नोंद करताना नेमकी जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडावा.