लाकडी केंडामा आणि भोवरा: तुटण्याआधी, हरवण्याआधी

केंडामा हे दांडा, वाट्या आणि दोरीने बांधलेला गोळा असलेले जपानी खेळणे. त्याच्या गोळ्याला तडा गेला किंवा तो घरंगळत कुठेतरी नाहीसा झाला, की दोष लाकडाला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक वेळा सुरुवात दोरीपासून होते. दांडा, त्यावर बसणारा वाट्यांचा आडवा तुकडा आणि गोळा हे तिन्ही भाग एकाच दोरीने बांधलेले असतात, त्यामुळे ती तुटली की गोळा उडून जमिनीवर आदळतो आणि आडवा तुकडाही निसटू शकतो.

म्हणून खेळायला बसण्यापूर्वी दोरी जिथे भोकातून बाहेर येते, तिथे नखाने चाचपून पाहावे. पीळ उकलला असेल, तंतू पिंजले असतील, तर दोरी त्याच दिवशी बदलावी. दोनच पेड शिल्लक असताना मी एकदा ‘उद्या बघू’ म्हटले, आणि त्याच संध्याकाळी गोळा दगडी पायरीवर आपटून त्याला केसाएवढा तडा गेला, याची हळहळ मला अजून वाटते.

बदलताना जुनी दोरी कोणत्या भोकातून कशी गेली आहे, याचा फोटो आधी काढावा आणि नवी दोरी तिच्याशेजारी ठेवून मापावी. बारीक तार दुमडून तिच्या फासात दोरीचे टोक अडकवावे, ते गोळ्याच्या वरच्या अरुंद भोकातून घालून खालच्या मोठ्या भोकातून बाहेर काढावे, मणी ओवून घट्ट गाठ मारावी आणि दोरी परत वर ओढावी. मणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

बारीक तडा लाकडाच्या रेषेने जात असेल, तर त्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद बोटाने दाबत भरावा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसावा आणि गोळा रबरबँडने घट्ट आवळून 24 तास ठेवावा. टिचकी मारल्यावर आवाज बद्द येत असेल, तर मात्र तडा खोलवर गेलेला असण्याची शक्यता असते आणि असा गोळा खेळायला घेऊ नये. दांड्याच्या टोकाची कपची उडाल्यास 220 आणि मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने ते गोलसर करावे. टोकदार केल्यास ते लागते आणि गोळ्याचे भोकही कुरतडते.

भोवऱ्यात हीच काळजी आरेची, म्हणजे खालच्या लोखंडी टोकाची, घ्यावी लागते. ढिली आर ठोकून बसवू नये, कारण ती पाचरीसारखी लाकूड फाडते. नवी आर बसवायची तर आधी तिच्यापेक्षा बारीक भोक पाडावे.

लाकूड त्याच्या रेषांना आडव्या दिशेने जास्त फुगते-आकसते, म्हणून ही खेळणी पाण्यात धुऊ नयेत किंवा उन्हात तापत ठेवू नयेत.

हरवण्यावर उपाय साधा आहे: उतारावर किंवा उघड्या गटाराशेजारी खेळू नये, गोळ्यावर भडक रंगाचा पट्टा ओढावा, प्रत्येक भागावर आपली खूण करावी आणि निघताना सगळे भाग मोजूनच नाडीच्या कापडी पिशवीत भरावेत.