चार घरं, दोन कण आणि माझा दुप्पट प्रवाह

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ‘एका रांगेतले कण’ हा विषय घेतला तेव्हा वाटलं, एकच मिती, सोपं प्रकरण. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखं: पुढचा सरकल्याशिवाय सरकायचं नाही, कुणाला ओलांडायचं नाही. १९६८ साली आरएनएवरून सरकणाऱ्या रायबोसोमसाठी (पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं) मांडलेलं हे मॉडेल आज टॅसेप (टोटली असिमेट्रिक सिंपल एक्सक्लूजन प्रोसेस) म्हणून ओळखतात.

प्रोग्राम तासाभरात झाला. शंभर घरांचं कडं, म्हणजे शेवटच्या घरापुढे पुन्हा पहिलं, आणि पन्नास कण; एका घरात एकच कण, पुढचं घर रिकामं असेल तरच उडी. प्रवाह, म्हणजे दर फेरीत घरामागे सरासरी किती उड्या, ०.२५च्या आसपास हवा, माझा ०.५! दोन आठवडे रँडम नंबरांना शिव्या घातल्या. मग एका सीनिअरने कोरा कागद पुढे केला. “चार घरं, दोन कण घे. हाताने कर.”

मांडण्या सहाच, सगळ्या सारख्याच संभाव्य. कण शेजारी असलेल्या चार मांडण्यांत एकच उडी शक्य, समोरासमोरच्या दोनांत दोन. सरासरी ४/३ उड्या, भागिले चार घरं: १/३. माझा प्रोग्राम म्हणत होता २/३. चूक लूपमध्ये होती. मी घरं ओळीने तपासत होतो, त्यामुळे उडी मारलेल्या कणाला पुढच्याच घरात परत पाळी मिळे आणि तो अडेपर्यंत धावत सुटे. घर दर वेळी चिठ्ठी टाकून निवडलं, आणि शंभर घरांना ०.२५२५ आलं.

प्रोजेक्टचा दुसरा भाग कण चिकटण्याचा. त्यात नवखे हमखास फसतात. घरांच्या साखळीवर शेजारची दोन घरं व्यापणाऱ्या जोड्या कुठेही टाकत जा. जागा मिळाली तर कायमच्या चिकटतात. शेवटी ८६.४७ टक्के घरं भरतात (फ्लोरी, १९३९). घरं नसलेल्या सलग रेषेवर, रस्त्याकडेला गाड्या लावाव्यात तसं, ७४.७६ टक्के रेषा भरते (रेनी, १९५८). हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका, आणि इथे पार्टिशन फंक्शन (समतोलातल्या सगळ्या मांडण्यांची भारित बेरीज) तर काढूच नका. जे सुटतच नाही ते समतोलाला येणार कसं? सुटायची मुभा दिली की गोष्ट वेगळी. तीन-तीन शेजारी एकदम चिकटले-सुटले तर सुरुवातीच्या मांडणीची एक खूण कायम राहते. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बर्मा आणि धर यांनी १९९०च्या दशकात यावर काम केलंय, जरूर वाचा.

पुढे दोन्हीकडे उड्या मारणारे कण घेतले. अशा रांगेत एका कणाच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काळाच्या वर्गमुळाने वाढते. माझी रेघ मात्र बऱ्याच वेळाने पुन्हा सरळ चढू लागली. नवीन काहीतरी सापडलं म्हणून धावत गाईडकडे गेलो. त्यांनी आलेखाकडे नीट पाहिलंही नाही.

“कडं केवढं घेतलंस?”

“शंभर घरांचं.”

“मग आता सगळी रांगच फिरतेय. मोठं घे.”