पल्सरवरून हिमालयन ४५०: पहिले ५०० किलोमीटर

दीडशे सीसीच्या पल्सरवरून रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० वर येताय? आधी वजनाशी ओळख करून घ्या. गाडी १९६ किलोची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून पुढे-मागे ढकला, टाकीला कंबर टेकवून वळवा. सीट खालच्या उंचीवर, म्हणजे ८२५ मिलिमीटरवरच ठेवा. मला तर पाय नीट टेकल्यावरच धीर आला. सायनच्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा पंखा घरघरतो, गरम हवा पायाला लागते. घाबरू नका. पहिल्या सर्व्हिसपर्यंत एकाच वेगात रेटायची नाही, थ्रॉटल कमी-जास्त करत राहा.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणून पहाटेच सायन-पनवेल पकडून जुन्या रस्त्याने खोपोलीला जा. मोकळ्या रस्त्यावर काय सुरेख धावते ही! हवा मात्र घरून निघण्याआधी, टायर थंड असतानाच तपासा.