मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळा तयार करताना : ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने आलेल्यांसाठी

नेत्र विभागाच्या ओटीत नवी आलेली मुलं-मुली फेको मशीनकडे (मोतीबिंदू फोडून ओढून काढणाऱ्या यंत्राकडे) बघत उभी राहतात. साहजिक आहे. पण सुरुवातीला तुमच्या हाती येणार ती बीटाडीनची, म्हणजे पोविडोन आयोडीन या जंतुनाशकाची वाटी, आणि ते काम दुय्यम समजू नका. ऑपरेशननंतर डोळ्यात पू होतो तेव्हा जंतू बहुतेक वेळा पेशंटच्याच पापण्यांवरचे असतात, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे. १९९१ साली न्यूयॉर्कच्या स्पीकर आणि मेनिकॉफ यांनी काही ओटींत ५ टक्के पोविडोन आयोडीन वापरलं आणि बाकीच्यांत सिल्व्हर प्रोटीन हे दुसरं जंतुनाशक. पू होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ०.०६ टक्के निघालं, दुसऱ्यात ०.२४.

तयारी टेबलच्या आधीच सुरू होते. आजींचा डोळा सकाळी चिकटतो का, सारखं पाणी गळतं का, हे विचारा. सॅक सिरिंजिंगमध्ये (अश्रूंच्या नळीत पाणी सोडून ती तपासताना) पू उलटा आला तर आधी त्याचे उपचार, मोतीबिंदू नंतर. डावा डोळा की उजवा, हे कागदावर, कपाळावरच्या खुणेत आणि पेशंटच्या तोंडून, तिन्हीकडून जुळवून घ्या.

मग डोळा बधिर करणारा प्रोपाराकेनचा थेंब, कारण आयोडीन चांगलंच झोंबतं. बधिरतेसाठी लिग्नोकेन जेली वापरायची असेल तर आयोडीन तिच्याआधी घाला. जेलीचा थर बसला की औषध डोळ्याच्या पांढऱ्या भागापर्यंत नीट पोचतच नाही. हा क्रम चुकलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय.

कातडीला १० टक्के, डोळ्यात ५ टक्के. पापण्यांच्या कडांपासून सुरू करून भुवई, गाल आणि नाकाच्या बाजूपर्यंत बाहेर बाहेर जायचं. तोच गॉझ परत आत आणायचा नाही. बाटलीवर 'स्क्रब' लिहिलेलं असेल तर ती डोळ्याजवळ आणूच नका, त्यातल्या साबणाने कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) खराब होतो.

आता मुख्य गोष्ट : तीन मिनिटं. डोळ्यात घातलेलं आयोडीन किमान तेवढा वेळ तिथे राहिलं पाहिजे. शिबिराची लांबलचक यादी असते, सर्जन हात धुऊन उभे असतात, आणि नव्या माणसाला लगेच धुऊन टाकावंसं वाटतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा आणि 'सर, अजून एक मिनिट' म्हणायला लाजू नका. चांगले सर्जन थांबतात. गंमत म्हणजे सौम्य द्रावणात मोकळं आयोडीन जास्त असतं, म्हणून ते जंतू लवकर मारतं. पण लवकर संपतंही. तेव्हा मनाने प्रमाण बदलू नका.

कातडी कोरडी झाल्याशिवाय ड्रेप (डोळ्याभोवती लावायचं निर्जंतुक आवरण) चिकटत नाही. तो चिकटवताना पापण्यांचे केस त्याच्याखाली पूर्ण झाकले गेले पाहिजेत. केस कापायचा आग्रह काही ठिकाणी अजून आहे, पण त्याने संसर्ग कमी होतो असं दिसलेलं नाही.

कोकणातला पेशंट हमखास सांगतो, 'मला कोळंबी चालत नाही, आयोडीन नको.' कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनामुळे असते, तेवढ्यावरून आयोडीन टाळायचं कारण नाही. मात्र आयोडीन लावल्यावरच अंगावर पुरळ आली होती, असं सांगितलं तर सर्जनना कळवा. तेव्हा पाण्यातलं अगदी सौम्य क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरता येतं. वॉर्डातली त्याचीच स्पिरिटवाली बाटली मात्र नाही.