जर्मन सेडानचा आवाज सुधारला, स्क्रीन न बदलता

सेकंडहँड जर्मन सेडान घेतली, बेस मॉडेल, म्हणजे गाडी लाखोंची आणि तबला वाजतो पत्र्याच्या डब्यासारखा. सगळे म्हणाले म्युझिक सिस्टीमची स्क्रीनच बदल, पण त्यातच कॅमेरा, गाडीची सेटिंग्ज सगळं असतं, नसती उठाठेव कशाला. म्हणून ती तशीच ठेवली आणि डिकीत डीएसपीवाला (म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप असलेला) अँप्लिफायर लावला, हाय लेव्हल इनपुटचा, म्हणजे मूळ स्पीकरच्या वायरमधूनच सिग्नल घेतो. वायर कापू दिली नाही, तयार हार्नेस (गाडीच्या प्लगमध्ये थेट बसणारा वायरचा जोड) मागवला, इलेक्ट्रिशियन जरा फुगला पण असो. बॅटरी डिकीतच, त्यामुळे पॉवर केबल छोटी, फ्यूज मात्र बॅटरीला लागूनच हवा. सीटखालचे वूफर बदलताना ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध, अँपला चालतो ना ते बघून घ्या. दारांना आतून ब्युटाइल शीट (कंप शोषणारी चिकट रबरी शीट) चिकटवली, खडखड गेली.

खरी मजा टाइम अलाइनमेंटची, म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोहोचवायची!! आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डावा स्पीकर ड्रायव्हरपासून १ मीटर जास्त लांब असेल तर उजव्याला जवळपास ३ मिलिसेकंद उशीर द्यायचा, मग गायक उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. सबवूफर नाही घेतला, डिकीत बॅगा पण ठेवायच्यात ना.