सही करता येते तोवर

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सही बदलली हे आधी बँकेच्या लक्षात आलं, मग आमच्या. सही जुळत नाही म्हणून चेक दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी त्यांनी जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलासारखी सावकाश सही केली, तेव्हा मी त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. त्या रात्री मी घरातली 'करायच्या गोष्टीं'ची वही उघडली आणि यादीचा क्रमच उलटा केला. बाथरूममधला दांडा, कमोड, विमा हे सगळं मी नंतरही करू शकते. ज्याला त्यांची सही, त्यांचा अंगठा किंवा त्यांचा शब्द लागतो ते आधी.

या क्रमामागचं कारण फार घरांत माहीत नसतं. आपण म्हणतो, 'काही झालंच तर मुखत्यारपत्र आहे ना', म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. पण मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडच्या करार कायद्यानुसार त्याचा अधिकारही संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंश वाढला किंवा माणूस बेशुद्ध पडला की नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निकामी. मग घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मागायला बहुतेकदा थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. मुखत्यारपत्र जरूर करा, ते आजारी पण शुद्धीत असलेल्या माणसासाठी सोयीचं आहे. फक्त त्याच्या भरवशावर बाकीचं पुढे ढकलू नका.

तेव्हा पहिलं काम बँकेचं. नवराबायकोची खाती एकत्र आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही एक किंवा मागे राहील तो चालवू शकेल अशी, आहेत का ते बघायचं. मुदतठेवींचं वेगळं विचारायचं, कारण ठेव मुदतीआधी मोडायला अनेकदा दोघांच्या सह्या मागतात. एकाने मोडली तरी चालेल, असं आधीच लिहून देता येतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेणारा, खरे हकदार वारस किंवा इच्छापत्रात नाव असलेले. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. तरी गल्लीगल्लीत भाऊ-बहीण याच गैरसमजावर अबोला धरून बसलेले आहेत. आणि हात अगदीच चालेनासा झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेतला. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा मॅनेजरकडे जायचं आणि आवाज न चढवता सांगायचं.

दुसरं, मोबाईल. अण्णांचं पेन्शन, गॅस, वीज, आधार, सगळं एका जुन्या नंबरावर होतं आणि त्या सिमचं रिचार्ज संपत आलेलं. सिम बंद पडलं की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे घर बंद. नंबर चालू ठेवायची जबाबदारी एकाच्या नावावर लिहा. याच फोनवरून 'डिजिटल अरेस्ट'वालेही येतात, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणारे. अशा वेळी फोन ठेवायचा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावायचा, हे मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलंय. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, पण बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ओळखत नाही. आता चेहऱ्यावरूनही देता येतो, तो आम्ही खिडकीच्या उजेडात बसवून काढला. अण्णा म्हणाले, "जिवंत आहे हे पटवायला दाढी करून बसावं लागतं."

आता इच्छापत्र. आमच्या घरी 'मृत्युपत्र' म्हटलं की आई उठून आत जायची, 'तिन्हीसांजेला काय अभद्र बोलता' म्हणत. 'इच्छापत्र' म्हटल्यावर निदान बसली. शब्द बदलल्याने इतकं होत असेल तर बदलावा. विषय काढण्याचा मला जमलेला एकच मार्ग सांगते: आधी मी स्वतःचं केलं. पन्नाशीतली मुलगी स्वतःचा कागद टेबलावर ठेवते आणि 'अण्णा, जरा वाचून सांगा, काही सुटलंय का' म्हणते, तेव्हा तिची नजर त्यांच्या घरावर नाही हे न बोलता कळतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पेन मागितलं. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच आणि त्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा तरुण घ्या, ज्यांना वाटा मिळणार त्यांना घेऊ नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं फॅमिली डॉक्टरांचं 'समज शाबूत आहे' असं पत्र जोडा आणि शक्य असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच टाका. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपला हिस्साच लिहिता येतो. गावाकडे सातबारा कुणाच्या नावे आहे हे आजच बघा. आमच्याकडे आजोबांचं नाव तसंच होतं, वारस नोंद राहूनच गेलेली.

बक्षीसपत्राबद्दल, म्हणजे हयातीतच मिळकत दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या कागदाबद्दल, मात्र मी हट्टी आहे. मुलाबाळांना राहतं घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, म्हणून सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मी अण्णांना सांगितलं, राहतं घर हयातीत कुणाच्याही नावावर करू नका, माझ्याही नाही. इच्छापत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र सहसा नाही. द्यायचंच ठरलं, तर हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ नेमकं यासाठी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत मागता येते, आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं. माया होती, शब्द दिला होता, एवढं पुरत नाही.

भाऊ परदेशी असेल तर त्याची डिसेंबरची वारी हीच तुमची मुदत समजा. तो लग्नं आणि हुरडा पार्टी यांत अडकायच्या आत एक सकाळ काढा, सगळे मिळून बसा आणि मगच विमानतळावर सोडा. तिकडून मुखत्यारपत्र करायचं तर भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकित करायचं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टँप लावायचा, असा फेरा असतो. त्याच बैठकीत पैशाचंही बोला. जवळचा अंगाने करतो आणि लांबचा पैशाने, हे वाईट नाही, पण आकडा बोललेला असावा. आमच्याकडे बोलला गेला नव्हता. त्यामुळे चार वर्षं मी मनात हिशेब ठेवत गेले आणि भावाला त्याचा पत्ताही नव्हता.

यादीतलं सर्वात जड पान यानंतरचं. वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल: स्वतः ठरवता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ४२ वर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात दयामरणाची विनंती नाकारली, पण उपचार थांबवण्याचं दार किलकिलं झालं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने असं इच्छापत्र करण्याचा हक्क मिळाला आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी झाली. आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक-दोघांची नावं त्यात लिहायची. माणूस स्वतः ठरवू शकत असेपर्यंत हा कागद लागू होत नाही. बरं होण्याची आशा उरलेली नाही हे रुग्णालयाचं एक आणि त्यानंतर दुसरं, अशी दोन वैद्यकीय मंडळं पाहतात, मगच उपचार थांबवता येतात. म्हणजे 'मुलांनी नळी काढली' असं होत नाही. महाराष्ट्रात ही इच्छापत्रं सांभाळायला स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकारी नेमले गेले, ते मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात केलेल्या पाठपुराव्यानंतर. एक प्रत तिथे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक घरच्या फाइलीत.

पण कागदाआधी विचारणं आलं, आणि 'व्हेंटिलेटर हवा का' असं विचारून कुणी उत्तर देत नाही. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला नको काय होईल सगळ्यात जास्त?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हाती-पायी धड आहे तोवर न्यावं. ते आपल्या हातात नाही. पण नाकात नळी घालून माझं जेवण मापाने ओतू नका. आणि न्यूमोनियासारखं काही असेल, बरा होणार असेन, तर करा की सगळं, मला काही मरायची घाई नाही." एवढ्यात सगळं आलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वकिलांना सांगितलं, भाषा सुधारू नका.

रुग्णालयाची पिशवी वेगळी. आधार, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल. कवळी आणि यंत्र घरी राहिलं की म्हातारं माणूस आयसीयूत बहिरं-बोबडं होतं आणि डॉक्टर लिहितात 'गोंधळलेला'. गोळ्यांची यादी एका कागदावर, त्यात काढा, चूर्ण आणि भाच्याने अमेरिकेतून आणलेल्या डब्यासकट सगळं. माणूस एका रात्रीत बरळायला लागला तर लगेच 'म्हातारचळ' म्हणू नका. सोडियम उतरलेलं असू शकतं, लघवीत जंतुसंसर्ग असू शकतो, दोन्ही बरं होणारं आहे. सत्तरी ओलांडली असेल तर केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. फक्त आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय ते घेतं हे आजारपणात नाही, आज विचारायचं.

घराचं थोडक्यात. बाथरूम, रात्रीचा दिवा, सुटी पायपुसणी, उंबरठा. खुब्याचं हाड बहुतेक या चौघांपैकी एकामुळेच मोडतं. दांडा भिंतीत स्क्रूने बसवलेलाच हवा, चिकटवायचा नको. आणि बाथरूमची आतून लावायची कडी काढून टाका.

मावशीबाई ठेवायची वेळ येईल, तेव्हा ब्यूरोतून आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काम सांगायचं ते सगळ्यांसमोर. रुग्णाचं काम कोणतं आणि घरकाम कोणतं, हे न ठरवल्यामुळे आमच्या सोसायटीत एका घरी सहा महिन्यांत पाच बाया बदलल्या. सुट्टी, जेवण, बसायला नीट खुर्ची, रात्रपाळीला झोपायची जागा. पोलीस पडताळणी कराच, पण चहा वेगळ्या कपात देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे तिला शिकवताना आपणही शिकून घ्यावं, तिची सुट्टी असते त्या दिवशी कळतं. आणि घरी निभत नसेल तर वृद्धाश्रम किंवा शुश्रूषागृह बघून येण्यात पाप नाही. एखाद्या दुपारी, न सांगता जा. वास कसा येतो आणि टीव्हीपुढे बसवलेल्या लोकांशी कुणी नावाने बोलतं का, एवढं पाहिलं तरी माहितीपत्रक वाचायची गरज पडत नाही. कर्करोगासारख्या दुखण्यात शेवटच्या टप्प्याला वेदना कमी करणारी शुश्रूषा वेगळी मिळते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करतंय, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. 'आता काही करण्यासारखं नाही' हे वाक्य ऐकल्यावर तिथे फोन लावायचा. कुणाचं म्हाताऱ्यांशी वागणं बरं नसेल, किंवा नुसतीच माहिती हवी असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

शेवट घरीच व्हावा असं असेल तर अजून एक, जे कुणी सांगत नाही. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला डॉक्टरच देतो, आणि ज्याने माणसाला अलीकडे तपासलेलंच नाही तो देत नाही. म्हणून रात्री दोन वाजता येईल असा एक डॉक्टर आधीच बोलून ठेवा आणि त्याने महिन्या-दोन महिन्यांनी बघून जावं. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस. देहदानाचा फॉर्म भरला तरी त्या क्षणी वारसांनी 'हो' म्हणावं लागतं, तेव्हा घरातल्या नाराज काकाला आत्ताच विचारा.

फाइलीचं शेवटचं पान अण्णांनी स्वतः लिहिलं, थरथरत्या अक्षरात, कारण मी म्हटलं की उद्या अनोळखी बाई तुम्हाला सांभाळायला आली तर तिला काय माहीत असावं? त्यांनी लिहिलं: चहा सकाळी सहाला, ओट्यावर, साखर एक चमचा, डॉक्टर काही म्हणोत. दाढी रोज. आंघोळीला पाणी कडक. मला 'आजोबा' म्हणू नये, अण्णा म्हणावं. रेडिओ लावावा, टीव्ही नको. संध्याकाळी दिवा लागला की कुणीतरी जवळ बसावं, बोललं नाही तरी चालेल.

हे पान आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. आईचं पान अजून कोरं आहे. मागच्या आठवड्यात पेन हातात दिलं तर म्हणाली, "आधी कैऱ्या आल्यात त्या चिरू दे."