आवडत्या पक्षीनिरीक्षकाला भेटायचंय? मग असं करा

सातारा-सांगलीकडं कुणी मुरलेला पक्षीनिरीक्षक गाठायचा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह सोडू नका, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जयंतीपासून सलीम अलींच्या जयंतीपर्यंत, तेव्हा फेऱ्या, व्याख्यानं असतात आणि एरवी फोन न उचलणारी माणसंपण निवांत बोलतात. नाहीतर थंडीत पहाटे मायणी किंवा येरळवाडीच्या तलावावर जा, रोहित (फ्लेमिंगो) आलेत अशी खबर असेल तर स्कोप म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण लावून बसलेलं कुणीतरी भेटण्याचा चान्स जास्त.

गेल्या गेल्या सेल्फी मागू नका राव! गप शेजारी उभं राहा, ते बघतायत तिकडं दुर्बीण लावा, आणि प्रश्न नेमका विचारा. ‘पक्षी कसे ओळखायचे’ याला काय उत्तर देणार बिचारे? त्यापेक्षा काठावर चिखल्या, म्हणजे चिखलात फिरणारा छोटा पक्षी, दिसला की ‘या चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं दिसतंय, म्हणजे हा कंठेरीच ना?’ असं विचारलंत की गडी खुलतो, मग पाय बघ, गळ्यातला पट्टा बघ, आवाज ऐक, तासभर सुटका नाही.

जाण्याआधी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर स्वतः बघितलेल्या पक्ष्यांच्या चार याद्या टाकून ठेवा, कावळे-साळुंक्यांच्या का असेनात. आणि घरट्याची जागा विचारू नका, चांगला माणूस सांगणारच नाही.